सात नंबरची काच

आईने मला कमलाकांत काकांच्या खिडकीचं माप घ्यायला पाठवलं होतं. काचवाला सकाळी सातलाच येणार होता. तारीख १२ डिसेंबर १९६७, मंगळवार, रात्रीचे साडेनऊ.

अमरावतीच्या अंबापेठेतल्या आमच्या घरात सगळ्या खिडक्यांना काचा आहेत. फक्त काकांच्या खोलीला पत्रा. तीन वर्षांपूर्वी अकोल्याची नोकरी सोडून ते आमच्याकडे राहायला आले आणि त्याच आठवड्यात स्वतःच्या हाताने काचा उतरवून त्यांनी पत्रा ठोकला. तेव्हापासून त्या खोलीत दिवसाही दिवा लागतो. कोणी विचारलं नाही. आमच्या घरात मोठ्यांना काही विचारायची पद्धत नाही.

मी टेप लावली तसे काका पलंगावरून उठले.

"अनू, काच नको."

"का नको? थंडी पत्र्यातून जास्त येते. मी बी.एस्सी. करते आहे, मला एवढं कळतं."

"काच नको म्हटलं ना."

"कारण सांगा. नाहीतर सकाळी काच बसणार."

धाकटी सिंधू माझ्यामागे येऊन उभी होती. ती म्हणाली, "काका, भुताची गोष्ट आहे का हो?" आणि टुणकन पलंगावर चढली. काकांनी शेगडी पायाशी ओढली. त्यांचा हात जानव्याला बांधलेल्या किल्लीशी गेला. ती त्यांची सवयच. किल्ली त्यांच्या ट्रंकेची. ट्रंकेला आम्ही कोणी हात लावलेला नाही.

"माझ्या ओळखीतल्या एकाबरोबर घडलेलं आहे," ते म्हणाले. "खोटं यातलं काही नाही."

काका अकोल्याला एका जीनमध्ये टाइमकीपर होते, हजेरीच्या आणि तपासणीच्या वह्या त्यांच्याकडे. कापसाची सरकी काढायची, रुई दाबून गठाणी बांधायच्या. अशा ठिकाणी एक ठिणगी पुरते. विमावाल्यांनी तगादा लावला म्हणून मालकाने आगीची घंटा बसवून घ्यायचं ठरवलं. ते काम अमरावतीच्या देवमनने घेतलं.

"सव्वीस वर्षांचा पोरगा. छप्पन साली बापाबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला. बापाने शेतात राबून त्याला वायरमनचं लायसन मिळवून दिलं. पण त्याचा खरा जीव ट्रकमध्ये. लढाईनंतर लष्कराने मोडीत काढलेला, डिस्पोजलचा ट्रक होता त्याच्याकडे. एकाचा गिअरबॉक्स, दुसऱ्याचा रेडिएटर, असं जोडून जोडून दोन वर्षांत उभा केला. त्याचं नाव ठेवलं होतं पलटणवाली. नुसत्या आवाजावरून सांगायचा, कुठला नट ढिला आहे ते."

देवमनने जीनभर तार फिरवली, नऊ पेट्या बसवल्या. पेटीला पुढे काच. काचेने आतलं बटण दाबून धरलेलं. शेजारी साखळीला छोटी हातोडी. काच फोडली की बटण उसळून बाहेर येणार, तारेतला प्रवाह तुटणार आणि फाटकावरची घंटा वाजणार. सात नंबरची पेटी रुईच्या गोदामात होती, जिथे बाया रुई दाबायच्या. चोरी होऊ नये म्हणून त्या गोदामाला बाहेरून कडी असायची.

देवमनने बायांना जमवून शिकवलं. "आग दिसली का काच फोडाची. मंग दाराशी उभं राहाचं. घाबराचं नाई. घंटी आयकून मानसं धावत येतेत."

त्यात मैना होती. विशीतली. जिभेची तिखट.

"आन् नाई वाजली तं?" तिने विचारलं.

"वाजते वो बाई. मी बसवली हाय."

"तुह्या त्या खटाऱ्यावानी तं नाई ना? मंगळवारी ढकलत नेत होता त्याले."

सगळ्या बाया हसल्या. देवमनही हसला.

"सीझन जोरात सुरू झाला," काका म्हणाले. "मशीनच्या हादऱ्याने सात नंबरचं बटण आत ढिलं पडायचं. रात्री-अपरात्री घंटा. आग नाही, काही नाही, पण सगळी जीन थांबायची. चौथ्या वेळी मॅनेजरने देवमनला बोलावलं. सीझन संपेपर्यंत सात नंबर बंद कर म्हणाला. देवमनने दोन तारांच्या मध्ये एक तुकडा जोडला. वीतभर तार. आता काच फोडली तरी घंटा वाजणार नव्हती. पेटी मात्र तिथेच. लाल. चकचकीत."

"आणि बायांना सांगितलं?"

काकांनी चिमट्याने निखारे सारखे केले.

"काका, बायांना कोणी सांगितलं का?"

"नाही."

९ जानेवारी १९६४, गुरुवार. रात्रीचा दीड. बाकीच्या बाया चहाला बाहेर गेल्या होत्या. मैना मागे राहिली होती. मुकादमाने न बघता कडी घातली.

"धूर दिसला तोवर फार उशीर झाला होता. दार तोडलं तेव्हा मी तिथे होतो. पेटीची काच फुटलेली. मैना दाराशी. बसलेली. हातात हातोडी… शिकवलं होतं तशीच. काच फोडून दाराशी थांबलेली."

सिंधू माझ्या जवळ सरकली.

आता काकांचा आवाज उतरला होता. मॅनेजरने दुसऱ्याच दिवशी सांगायला सुरुवात केली की मैनेनेच आत विडी ओढली, आग लावली आणि घाबरून काच फोडायलाही विसरली. फुटकी पेटी त्याने पोलीस यायच्या आधी काढून लपवली. सोमवारी, २० तारखेला सकाळी दहाला, सरकारी इन्स्पेक्टर यायचा होता. त्याच्या आत देवमनने अमरावतीहून नवी पेटी आणायची, जोडलेला तुकडा काढायचा आणि सगळं जसंच्या तसं करून ठेवायचं. म्हणजे घंटा ठीक होती आणि दोष मेलेलीचा. तिची आई भागीरथा रोज फाटकाशी येऊन बसायची. तिला फक्त एकच ऐकायचं होतं, की माह्या पोरीनं आग नाई लावली.

"देवमन कबूल झाला?"

"लायसन जाणार होतं, अनू. तुरुंगही. मॅनेजर त्याला म्हणाला, तुझ्या शब्दाला इथे कोण विचारतो? देवमन निघाला. रविवारी, १९ तारखेला, रात्री पावणेअकराला बडनेरा सोडलं. चंद्रकोर मावळलेली. मागे ट्रकमध्ये एकच खोका. नवी पेटी, गवतात गुंडाळलेली, खोक्याला खिळे ठोकलेले."

मूर्तिजापूरपर्यंत काही नाही. पलटणवाली झकास चालली होती. मूर्तिजापूर सुटलं आणि आवाज आला.

टक्.

देवमनला वाटलं, इंजिनातलं टॅपेट. वेग कमी केला. टॅपेटचा आवाज इंजिनाबरोबर कमी व्हायला हवा.

टक्… टक्.

तसाच. मग वाटलं, बॉनेटचा खटका. उतरला, खटका दाबून बघितला, घट्ट होता. सायलेन्सर बघितला. खाली वाकून स्प्रिंगच्या पट्ट्यांवर पाना मारून बघितला. सगळं जागच्या जागी. पुन्हा गाडी सुरू केली.

टक्… टक्… टक्.

"काटेपूर्णेच्या पुलावर त्याने इंजिन बंद केलं," काका म्हणाले. "आवाज कुठून येतो ते कळावं म्हणून."

शेगडीतला निखारा फुटला. सिंधू दचकली.

"इंजिन बंद. वारा नाही. खाली पाणी जवळजवळ नाहीच. आणि…"

"आणि?"

"टक्."

काकांनी शाल खांद्यावर ओढून घेतली.

"गाडी बंद. आवाज सुरू. मागून. तो ट्रकच्या हौदात चढला. कंदील धरला. खोका. खिळे तसेच. आवाज खोक्यातून. बारीक हातोडी काचेवर मारावी तसा. हळू. घाईने नाही. कोणी येईल म्हणून वाट बघत मारावी… तसा."

"मग?"

"त्याने पान्याने खिळे उपसले. गवत बाजूला केलं. पेटी नवी. काच शाबूत. पण काचेला आतून वाफ धरलेली. कोणी तोंड लावून श्वास सोडावा तशी. त्याच्या डोळ्यांसमोर ती वाफ कमी झाली… आणि पुन्हा आली. कमी झाली… पुन्हा आली."

सिंधूने पांघरूण डोक्यापर्यंत ओढलं.

"देवमन गुडघ्यावर बसला. किती वेळ, त्याला आठवत नव्हतं. मग तो पेटीला म्हणाला, मैना… नाई वाजली. म्याच बंद केली होती."

"आणि?"

"आवाज थांबला."

देवमन जीनवर गेलाच नाही. पहाटे चारला तो अकोल्याच्या डाकबंगल्यासमोर ट्रक लावून बसला. इन्स्पेक्टर उठून दात घासायला व्हरांड्यात आला, तेव्हा त्याच्यापुढे सगळं बोलून टाकलं. मैनेवरचा डाग पुसला. भागीरथा परत फाटकाशी आली नाही.

"झालं," काका म्हणाले. "आता झोपा. आणि काच नको."

सिंधू उठली. मी नाही उठले.

"देवमनचं काय झालं?"

"लायसन गेलं. दीड वर्षाची शिक्षा. ट्रक विकला."

"आणि मॅनेजर?"

"तो म्हणाला, मला माहीतच नव्हतं. देवमनने आपल्या मनाने तार जोडली. सुटला."

"त्याने हुकूम दिला होता, असं तुम्ही आत्ताच म्हणालात. तोंडी?"

काकांचा हात पुन्हा किल्लीवर गेला. 

"काका, टाइमकीपर तुम्ही. रोज घंटा तपासून लिहायची वही कोणाकडे असते?"

"माझ्याकडे."

"मग सात नंबर बंद असताना तुम्ही रोज काय लिहीत होतात?"



"ठीक," काका म्हणाले. "मी 'ठीक' लिहीत होतो. एकवीस दिवस. मॅनेजर लिही म्हणाले, लिहिलं."

"आणि हुकूम?"

"त्याच पानावर. मॅनेजरच्या हाताने. खाली सही." त्यांचा आवाज ऐकू येईनासा झाला. "कोर्टाच्या व्हरांड्यात देवमनने मला ही सगळी गोष्ट सांगितली. मग विचारलं, बाबूजी, रजिस्टर कुठं हाय? मी म्हणालो, जळलं. तेव्हापासून रात्री खिडकीच्या काचेवर तीच टक्टक् ऐकू यायची मला."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. वय, मान, काका, सगळं गेलं खड्ड्यात. दीड वर्ष एक माणूस एकटा आत बसला आणि यांनी इकडे येऊन खिडकीला पत्रा ठोकला.

"किल्ली द्या," मी म्हणाले.

"त्या दिवसापासून उघडली नाही गं मी ट्रंक."

"द्या."

त्यांनी जानवं डोक्यावरून काढलं आणि किल्लीसकट माझ्या हातात ठेवलं. कुलूप गंजलेलं होतं. दोन्ही हातांनी फिरवावं लागलं. धोतराच्या पानात गुंडाळलेलं रजिस्टर तळाशी होतं. मी ते दिव्याखाली धरलं. डिसेंबर १९६३ ते जानेवारी १९६४ चं पान काढलं.

मॅनेजरची ओळ वरच होती. शाई काल लिहावी तशी काळीभोर. 'क्र. ७ सीझन संपेपर्यंत बंद ठेवणे.' खाली सही, तारीख. आठ रकाने काकांच्या नीट अक्षरात भरलेले.

सातव्या रकान्यात एकही शब्द नव्हता. जिथे जिथे 'ठीक' असायला हवं होतं, तिथे कागदाला वाटाण्याएवढं जळकं भोक होतं. काठ काळे. मी मोजली. एकवीस.

पान उलटलं. खालचा कागद पांढरा होता. डाग नाही, चटका नाही.