आदल्या दिवशीचं नाव

भरवसा कोणावर ठेवावा, सांग बघू निलेश? शपथ घेणाऱ्यावर, की बेरीज करणाऱ्यावर?

"शेठ, उद्या स्पर्धेच्या टेबलावर बेरीज आम्हीच करणार आहोत," निलेश म्हणाला. "म्हणजे आमच्यावरच ठेवा."

अक्षता हसली. "याला पाढे येत नाहीत, शेठ. कॅल्क्युलेटरवर ठेवा."

हसा. पदकांना फिती लावून व्हायला अजून अर्धा तास आहे, तोवर एक झालेली गोष्ट सांगतो. आमच्याकडे नावं कोरणाऱ्या विद्याधरची. तुमचं स्काउटचं पथक वेगळं, त्या पथकाचं नाव मी घेणार नाही.

मुलुंडला हे चषक-पदकांचं दुकान चालवतोय त्याला एकतीस वर्षं झाली. सातवीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही, जे शिकलो ते या काउंटरवर. एक गृहस्थ आले, स्वतःसाठीच 'आदर्श जावई' असा चषक करून घेऊन गेले. सासऱ्यांच्या हातून घ्यायचा होता म्हणे. असल्या गमती खूप. पण आमच्या धंद्यातली एक गोष्ट आम्ही बाहेर सांगत नाही. पुष्कळदा नाव आधी येतं आणि स्पर्धा नंतर होते. सरळ माणसं कोरी पट्टी नेतात, निकाल लागला की परत आणून देतात. बाकीचे चिठ्ठी पाठवतात.

त्या पथकाची एक फिरती ढाल होती. गाठी आणि दोरकाम यात जो पहिला येईल त्याची. दरवर्षी पितळेची एक छोटी पट्टी, तिच्यावर नाव, दोन खिळे, की झालं. गाठी तपासायला तिथे काशीराम सर असायचे. मूळचे कोकणातले, गिरणीत होते, गिरणी बंद झाल्यावर सगळा जीव पथकात. एका वर्षी पथक चालवणाऱ्यांनी त्यांना गुण बदलायला सांगितलं. त्यांनी बदलले नाहीत. तर त्यांच्यावरच पक्षपाताचा ठपका ठेवून त्यांना घरी बसवलं. २०१९ ला वारले. मग त्याच लोकांनी शोकसभा घेतली, डोळे पुसले आणि ढालीला त्यांचं नाव दिलं. 'कै. काशीराम सर फिरती ढाल.' ती वरची मोठी पट्टी विद्याधरनेच कोरली. सरांना त्याने कधी पाहिलेलं नव्हतं.

विद्याधर हाताने कोरायचा. मशीनवाले मागे पडतील असं अक्षर. राहायला नाहूरला.

जानेवारी २०२४. गुरुवारी या काउंटरवर चिठ्ठी आली. पथकाचे अध्यक्ष हर्षदभाऊ स्वतः घेऊन आले होते. नाव त्यांच्या मुलाचं, प्रितमचं. स्पर्धा रविवारी.

मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "शेठ, पोराचा उत्साह टिकतो हो. शिवाय शिबिराचा सगळा खर्च कोण करतं?"

मी चिठ्ठी घेतली. खोटं कशाला बोलू. घेतली.

विद्याधरने ती वाचली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. "शेठ, दीप्ती आमच्याच मजल्यावर राहते," म्हणाला. "शकुताईंची मुलगी. दोन वर्षं झाली, गॅलरीच्या कठड्याला दोर बांधून बसते. डोळ्यांवर ओढणी. जाता-येता मलाच विचारते, काका, गाठ सुटतेय का बघा. यंदा जो पहिला येईल तो राज्याच्या शिबिराला जाणार आहे."

"तू कोर," मी म्हणालो.

त्याने कोरलं.

शनिवार, तेरा तारीख. अमावास्या होऊन दोन दिवस झालेले. शिबिर मनोरीला, किनाऱ्याजवळच्या एका वाडीत. ढालीला पॉलिश व्हायला संध्याकाळ झाली, म्हणून पोचवायला विद्याधरच निघाला. मालाडला उतरून मार्वे, तिथून शेवटची बोट. पलीकडे उतरला तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. रिक्षा नव्हती. ढाल चादरीत बांधून पाठीला लावली आणि चालायला लागला. दीड किलोमीटर तर होतं.

एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला ताडाची झाडं. वस्ती मागे पडली. रस्त्याकडेचा क्रूस मागे पडला. मग त्याला काठीचा आवाज ऐकू आला. टक. दोन पावलं. टक.

मागून एक म्हातारा येत होता. खाकी कपडे, गळ्यात स्कार्फ, हातात स्काउटची लांब काठी. बॅटरी नाही. विद्याधरला हायसंच वाटलं. शिबिराचे कोणी सर असणार.

म्हाताऱ्याने हात पुढे केला. डावा. स्काउट डाव्या हातानेच हात मिळवतात, ते विद्याधरला माहीत होतं. त्याने मिळवला. मला म्हणाला, शेठ, पितळ रात्रभर बाहेर राहिलं की लागतं ना, तसा हात होता.

"ढाल काय रे?"

"हो सर. उद्याची."

"नाव घातलंस?"

"…घातलं."

टक. दोन पावलं. टक.

"स्पर्धा कधी आसा?"

"उद्या."

"मगे नाव आज कसा?"

विद्याधरने पाठीवरची ढाल सावरली.

"सोड ती चादर."

त्याने गाठ सोडली. का सोडली, त्याला सांगता येत नाही. ढाल दोन्ही हातांत धरून तो रस्त्यात उभा राहिला. म्हाताऱ्याने वाकून पाहिलं नाही. अंगठा टेकवला फक्त. एकेका पट्टीवरून फिरवला. आंधळा माणूस वाचतो तसा. एका नावावरून… दुसऱ्या नावावरून…

एका पट्टीवर अंगठा थांबला. पुन्हा मागे गेला. पुन्हा पुढे. घासत राहिला.

मग पुढची पट्टी.

पुन्हा थांबला.

समोरचा माणूस इतका जवळ… आणि श्वास ऐकू येत नव्हता. एकट्या विद्याधरचाच येत होता.

शेवटी अंगठा वर गेला. मोठ्या पट्टीवर. पहिल्याच अक्षरावर. 'कै.'

तिथे थांबला.

"ह्यां मात्र बरोबर लिवलंस," म्हातारा म्हणाला.

…

विद्याधरने खिशातून मोबाईल काढला. उजेड केला.

रस्ता. ताड. खाडीचं पाणी.

कोणी नाही.

ढाल कशीबशी चादरीत गुंडाळून तो धावत सुटला. शिबिराच्या फाटकावर ढाल दिली, चादर उघडली नाही. रात्रभर स्वयंपाकाच्या तंबूत बसून राहिला, चुलीपाशी.

आता तुम्हाला वाटेल, दुसऱ्या दिवशी काही चमत्कार झाला. नाही झाला. दीप्तीने डोळे बांधून आठही गाठी मारल्या, एक मिनिट दहा सेकंदांत. प्रितमच्या दोन सुटल्या. सगळ्यांनी पाहिलं. मग टेबलावर बेरीज झाली, पेन्सिलीने. प्रितम अर्ध्या गुणाने पहिला.

संध्याकाळी बक्षीस समारंभ. काशीराम सरांच्या प्रामाणिकपणावर हर्षदभाऊ दहा मिनिटं बोलले. टाळ्या. शकुताई लेकीसाठी नाहूरहून आल्या होत्या, त्यांनीही वाजवल्या, सगळे वाजवत होते म्हणून. दीप्तीने आईचा हात धरून खाली केला. विद्याधर मागे उभा होता. एक वाक्य बोलला असता तर… नाही बोलला.

ढाल प्रितमच्या हातात. फोटो झाले. मग पोरगं पट्ट्यांवर आपलं नाव शोधायला लागलं.

"पप्पा, माझ्या पट्टीवर काहीच नाहीये."

"आहे रे. फोकसमुळे दिसत नाही. समोर बघ, हस."

पोराने समोर बघितलं.

ढाल तिथेच ठेवत नाहीत, पेटीत घालून माझ्याकडे येते, पुढच्या वर्षासाठी. सोमवारी सकाळी विद्याधर ती घेऊन आला. बसला. सगळं सांगितलं. मग आम्ही दोघांनी भिंग लावून पाहिलं.

एकूण एकोणीस पट्ट्या. त्यातल्या अकरा विद्याधरने कोरलेल्या. त्या अकरांपैकी चार कोऱ्या. घासल्याची रेघ नाही. पितळ जराही झिजलेलं नाही. एक प्रितमची नवी, बाकी तिघींचे खिळे जुनेच, त्यांवरचा हिरवा थर जसाच्या तसा. जणू त्या पट्ट्यांवर कधी काही लिहिलंच नव्हतं.

आणि त्या कुठल्या चार, ते आम्ही मुकाट्याने ओळखलं. ज्यांची चिठ्ठी स्पर्धेआधी आली होती, त्या चार. ते पथकातल्याही सगळ्यांना माहीत नव्हतं. विद्याधरला माहीत होतं, आणि मला.

विद्याधरने ते काम सोडलं. दीप्ती पुढच्या वर्षी पथकातच नव्हती. हर्षदभाऊ अजून अध्यक्ष आहेत. त्या चार पट्ट्यांवर मी मशीन लावून पाहिलं. सुई सरकते. अक्षर धरत नाही.

…

झाल्या फिती लावून. जा आता, सकाळी लवकर उठायचंय. उद्या माझ्यासाठी एवढं करा, पोरांनो. ज्याने जितके मिळवले तितकेच गुण त्याच्या नावापुढे मांडा. आणि पेनाने मांडा.