बोर्डाला चढलेला ताप

त्या गुरुवारी सगळं जागच्या जागी होतं. गंजगोलाईच्या बाजारामागच्या दुकानात चांदपाशा पंख्याची वाइंडिंग भरत होते आणि पडद्याआड त्यांची लेक कहकशां संगणकापुढे बसली होती. दुपारी एक तरुण टॉवेलात काहीतरी गुंडाळून आत आला... तान्हं बाळ आणावं तसं.

“चाचा, मी जीशान, नांदेडचा. मुरुडच्या दूध केंद्रात कूलिंगची मशीन बसवून राहिलो. तिचा बोर्ड सुरू होतो अन् लगेच मरतो. तापलो, तापलो म्हणतो... अन् हात लावला तर गार!”

“मियाँ, मी पंखेवाला. हा ताप माझ्या लेकीला दाखव.”

कहकशांनं बोर्ड जोडला, त्यातली सेटिंगची फाइल उघडली आणि ओठ घट्ट मिटले. हसू दिसू नये म्हणून.

“ही कोणी लिहिली?”

“...मीच.”

“चिपच्या पोटात तापमापक असतो. पण कर्नलला, म्हणजे बोर्ड चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामला, त्याचा पत्ताच नसतो. तो कुठं आहे, किती तापल्यावर पंखा लावायचा, किती तापल्यावर सगळं बंद करायचं, हे आपणच या फाइलीत लिहून द्यायचं. तुम्ही बंद करायला लिहिलंय पंच्याऐंशी.”

“बरोबर हाय की. पंच्याऐंशी डिग्री.”

“कर्नल डिग्रीचा हजारावा भाग मोजतो. पुढं तीन शून्यं लागतात. नाहीतर ते शून्याच्या जरासंच वर होतं.”

त्यानं बोर्डाकडे पाहिलं. “म्हंजे... बर्फ वितळला की माझ्या बोर्डाला ताप चढून राहिला?”

मग मात्र ती हसली. चांगली मोठ्यानं. पडद्याबाहेर वाइंडिंगचं यंत्र थांबलं.

“तुमच्या नंबरवर अजून चुका पाठवल्या तर चालतील?” त्यानं हळूच विचारलं.

“मुद्दाम केलेल्या ओळखू येतात मला.”

“मग तर पाठवतोच.”

रात्री जेवताना चांदपाशा एवढंच म्हणाले, “पोरगा चुका लई छान करतो.” ती ताटातच बघत राहिली. कान गरम झाले होते.

पहाटे फजरच्या नमाजाला ते उठले नाहीत.

डॉक्टर आले, गल्ली जमली, जनाजा निघाला. कहकशांला सगळं काचेपलीकडून दिसत होतं. डोळ्यांत पाणी नाही. “एकदा रड तरी गं,” अब्बांची बहीण, फुप्पी म्हणायची. अब्बांचा फोन वाजायचा, कोणी कूलरचं विचारायचं. “घरी नाहीत,” ती सांगायची, आणि आपण खोटं बोललो असं तिला वाटायचंही नाही.

जीशान किनवटकडे नव्या कामावर होता. त्याला कुणी कळवलं नव्हतं. तिनं तर नाहीच. त्याच्या चुका येत राहिल्या, ती एकेका ओळीत दुरुस्त्या पाठवत राहिली. नव्या बोर्डाची फाइलही तिनंच लिहून दिली. मग एका दुपारी त्याचा फोन आला.

“कहकशां, आज तुमची चूक सापडली! पंखा कधी लावायचा ते हाय, बंद कधी व्हायचं ते लिहिलंच न्हाई. बोर्ड भट्टीवानी तापला, तरी चालूनच राहिला.”

तिनं फाइल उघडून पाहिली. ती ओळ खरंच नव्हती.

“गंमत केली हो... तुमच्याकडून असं होत नसतं. तब्येत बरी हाय ना?”

“हो.”

“मग आणखी एक...” त्यानं श्वास घेतला. “मी अम्मीला सांगितलं. तुमच्याबद्दल. ती म्हणते, मोठ्यांनी मोठ्यांशी बोलावं. रविवारी चाचा दुकानात असतील?”

‘घरी नाहीत’ हे नेहमीचे दोन शब्द ओठांवर आले. ते म्हटले असते तर तो पुढच्या रविवारचं विचारणार होता. मग त्याच्या पुढच्या. आणि एखाद्या दिवशी त्याची अम्मी मिठाई घेऊन बंद शटरपुढे उभी राहणार होती.

“मी घाई केली का? नको असेल तर तसं सांगा. मी रागावणार न्हाई.”

“नको नाही!” तिचा आवाज फाटला. “या तुम्ही. अम्मींना घेऊन या. मला पाहिजे आहे, जीशान. पण...”

तिनं टेबलाची कड धरली.

“अब्बा गेले,” ती म्हणाली. “माझे अब्बा गेले.”