उंबऱ्यावरचं फडकं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मीही हसले होते.

पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलंय. आणि त्या वेळी तिथे हजर असलेला माझा मामा आजही त्या इमारतीचा जिना चढत नाही. मामा म्हणजे भूतबित म्हटलं की टेबलावर हात आपटून हसणारा माणूस. आता विषय काढला की उठून पाणी प्यायला जातो.

रविवारची संध्याकाळ होती. दिवे लावायची वेळ.

पण आधी वासाचं सांगते.

मावशी लाँड्रीत कपड्यांवरचे डाग काढते. तिचं आयुष्य गेलं त्यात. लग्न केलं नाही, मामाकडेच राहायची. मामी तशी वाईट नाही, पण "तुमच्या बहिणीचं काय ते बघा" हे रोज भिंतीआडून ऐकून एक दिवस मावशीचं डोकं फिरलं. तिनं बॅग भरली.

"दोन महिन्यांत परत येशील," मामा म्हणाला. "एकटीला जमायचं नाही तुला."

"मेले तरी येणार नाही," मावशी म्हणाली. "लिहून ठेव."

घर मिळालं. हॉल, स्वयंपाकघर, गॅलरी, आणि मागे एक अडगळीची खोली. जागा ऐसपैस, तरी कुणी घेत नव्हतं. का, ते दार उघडल्याबरोबर कळलं.

ओल्या कुत्र्याचा वास. त्यात मुताचा उग्र दर्प. नाकातून थेट डोक्यात जाणारा.

"जुन्या भाडेकरूचं होतं एक," घरमालक नाकाला रुमाल लावून म्हणाला. "जाईल हळूहळू."

कुत्रं मरून तीन वर्षं झाली होती. आणखी किती हळू जाणार होता, देव जाणे.

वरच्या मजल्यावर एक नर्सबाई राहायच्या. त्यांनी सगळं सांगितलं. इथे एक आजोबा राहायचे. त्यांचं कुत्रं सदा न् कदा त्या मागच्या खोलीच्या दारात पडलेलं. खोलीत कधी पाऊल टाकायचं नाही आणि दारातून हलायचंही नाही. खाणं तिथेच, आणि म्हातारपणी बाकीचंही तिथेच. ते मेलं, आणि आठवड्याच्या आत आजोबांनी घर सोडलं.

"मी विचारलं त्यांना, का जाताय म्हणून," नर्सबाई म्हणाल्या. "तर म्हणाले, आता दारात कोण बसणार?"

मावशीला वाटलं, बिचारा म्हातारा, दुःखात बोलला असेल.

तिनं घरीच काम घ्यायला सुरुवात केली. स्वतःचं काम, स्वतःचं घर. पहिलंच गिऱ्हाईक म्हणजे शाळेतल्या एक बाई. दुसऱ्या दिवशी कोट परत घेऊन दारात.

"अहो, डाग गेला, पण याला कुत्र्याचा वास येतोय!"

मावशीच्या वर्मी घाव बसला. काम नाही चाललं तर घर सुटणार, आणि घर सुटलं तर मामाचं दार. ती हट्टाला पेटली. व्हिनेगर झालं, सोडा झाला, फिनेल झालं. खिडक्या उघड्या ठेवून सर्दी झाली. वास तसूभर हलला नाही.

मग तिनं लाँड्रीतली अक्कल वापरली. गुडघ्यांवर बसली, फरशीला नाक लावलं आणि घरभर रांगली. सगळा वास एकाच जागेतून येत होता. मागच्या खोलीच्या लाकडी उंबऱ्यातून.

आता, डाग मरत नसतो. फक्त जागा बदलतो. हे मावशीचंच वाक्य. उंबऱ्यावर थंड पाणी आणि औषध जिरवायचं, वर जाड पांढरं फडकं घालायचं, त्यावर वजन ठेवायचं. घासायचं नाही. लाकडातलं सगळं फडक्यात चढतं. ती रोज तेच करत राहिली. फडकं पिवळं, मग तपकिरी झालं. ते तिनं धुतलं नाही. काम पुरतं झाल्याची खात्री होईपर्यंत फडकं धुवायचं नाही, ही तिची जुनी सवय. घट्ट झाकणाच्या बादलीत कोंबून गॅलरीत ठेवलं.

आणि वास गेला. साफ गेला.

तिनं मामाला फोन केला. "रविवारी चहाला ये. येताना नाक घेऊन ये."

मामा आला. चार कोपरे हुंगून झाले.

"आहे वास?"

"नाही बुवा," मामा जरा नाराजीनंच म्हणाला.

मावशीनं ऐटीत कप पुढे केला. आणि तेवढ्यात...

खर्रर्र.

मागच्या खोलीतून.

"उंदीर," मामा म्हणाला.

खर्रर्र... आवाज दाराच्या वरच्या टोकाला सुरू झाला. हळूहळू खाली आला. सावकाश. कुणीतरी आतून नखं ओढत असल्यासारखा.

"मांजर शिरलं असेल."

"खिडकी बंद आहे," मावशी म्हणाली. "आणि दाराला बाहेरून कडी आहे."

दोघांचं लक्ष कडीकडे गेलं.

कडी हलत होती...

मामाची बोबडी वळली. "च-चल. चपला घाल. माझ्या घरी चल!"

मावशीही चपलांकडे वळली होती. हे ती कबूल करते. पण "माझ्या घरी" हे शब्द ऐकले आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुझ्या घरी? मग हे कुणाचं आहे?" ती मामावर ओरडली. मग वळून दारावर ओरडली. "आणि तू रे? भाडं मी भरते इथलं! तू कोण लागून गेलास?"

आवाज थांबला.

मग... कडी आपोआप वर उचलली गेली. आणि निघाली.

दार बोटभर उघडलं. आत अंधार.

मावशी म्हणते, अंधाराचं काही वाटलं नाही. तिला भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. बंद खोलीला धुळीचा वास असतो, ओलीचा असतो. त्या फटीतून कसलाच वास येत नव्हता. हातातल्या चहाचाही येईनासा झाला होता.

आणि तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आता दारात कोण बसणार...

ती गॅलरीत धावली. बादलीचं झाकण उपटलं, फडकं ओढून काढलं, आणि फट आणखी रुंद होत असताना ते उंबऱ्यावर पसरलं.

वास भसकन घरभर पसरला.

आणि मग... टक, टक, टक, टक.

फरशीवर नखांचा आवाज. गॅलरीतून आत. मामाच्या पायांजवळून. दिसत काहीच नव्हतं. फडक्यापाशी आवाज थांबला. फडकं मधोमध दबलं, कुणीतरी वेटोळं करून बसावं तसं. आणि एक खोल, खर्जातली गुरगुर...

दार आपटून बंद झालं.

मामा अनवाणी पळाला. त्याच्या चपला अजून मावशीकडे आहेत.

दुसऱ्या दिवशी उजेडात मावशीनं दार आतून पाहिलं. नखांचे ओरखडे होते. तिच्या डोक्याच्या वरपासून खालपर्यंत. कुत्रं तर त्या खोलीत कधी गेलंच नव्हतं.

मावशी तिथेच राहते. काम जोरात चालतं. वास आता फक्त उंबऱ्यापुरता असतो, शहाण्यासारखा. सगळ्यांचे डाग धुणारी बाई ते एक फडकं मात्र धूत नाही.

गेल्या महिन्यात मी गेले होते. धीर करून फडक्यावर हात ठेवला. उबदार होतं. पण वास... मला जरा कमी वाटला.

"मावशी, हा वास एक दिवस संपला तर गं?"

ती इस्त्री करत होती. मान वर न करता म्हणाली, "तो दमला तर मी बसेन उंबऱ्यावर. गुरगुरायला मला काय शिकवावं लागतंय?"

मी हसले. ती हसली नाही.

आणि तेव्हाच लक्षात आलं. तिनं आपलं अंथरूण हॉलमधून हलवलं होतं. आता ते त्या दारापाशी होतं.