शेवटच्या खोलीतला

जरा जवळ सरकून बसा, म्हणजे मला आवाज चढवायला नको. आत्मस्तुती करू नये म्हणतात. पण काम चोख असेल तर माणसाने तोंड शिवून का बसावं? आमच्या गेमचा फायनल बॉस, म्हणजे खेळणाऱ्याची अगदी शेवटच्या खोलीत ज्याच्याशी गाठ पडते तो, माझा आहे. ती खोली खेळून झाल्यावर भल्याभल्यांनी घरातले सगळे दिवे लावून ठेवलेत.

त्या दिवशी दुपारी जेवणं आटोपली आणि मी गेमची नवी प्रत आत्याला द्यायला तळघरात उतरले. आत्या म्हणजे आमची टेस्टर. गेम बाजारात जाण्याआधी तो खेळायचा आणि चुका काढायच्या, हे तिचं काम. सगळ्यांच्या कामाला नावं ठेवते म्हणून अख्ख्या ऑफिसची आत्या. तिची खोली बिनखिडकीची. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना जाड स्पंज लावलेला, त्यामुळे आपलंच बोलणं तोंडाशी विरून जायचं. तापलेल्या मशीनचा कोंदट वास. वरचा दिवा पडद्यावर चमकतो म्हणून तो बंद, आणि टेबलाखाली एक मिणमिणता दिवा.

माझा बॉस पहिल्यापासून असा नव्हता हं. सुरुवातीला तो डोंगराएवढा होता. सात हात, तोंडातून आग, डरकाळी तर अशी की स्पीकर थरथरायचे. आत्याने सँडविच खाता खाता त्याला लोळवला आणि म्हणाली, "बाई गं, नाव मोठं, लक्षण खोटं." मला ते फार झोंबलं. दुसरी कोणी असती तर तिने आणखी चार हात लावले असते. मी काढत गेले. आग काढली, जादाचे हात काढले. डरकाळी काढली त्या दिवशी आत्याचा घास पहिल्यांदा हातातच राहिला, आणि मला माझी वाट सापडली. मग शस्त्र गेलं. चेहरा गेला. शेवटी उरला भिंतीकडे तोंड करून उभा असलेला एक साधा माणूस. आत्या म्हणाली, "बरा आहे." तिच्या तोंडून 'बरा' म्हणजे सुवर्णपदकच, पण ती घाबरली नव्हती.

आणि साहेबांना तर भीतीच हवी होती. त्यांनी बाहेरून एक तयार ड्रॅगन बघून ठेवला होता. "आत्या घाबरली तर तुझा माणूस, नाहीतर ड्रॅगन. आज संध्याकाळी ठरवू," असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. माझी इतकी मेहनत, आणि तिच्या जागी दुकानातला ड्रॅगन! माझा जीव टांगणीला लागला होता.

आत्या खेळायला बसली. मी तिच्या मागे उभी राहिले. तिने शेवटचं दार उघडलं... खोली रिकामी होती.

चूक माझी. सकाळी खोलीतला उजेड तपासताना माझा माणूस मध्ये येत होता, म्हणून मी त्याला बंद करून ठेवलं होतं. प्रत बनवताना परत चालू करायला विसरले. "आत्या, थांब," असं म्हणणार, तेवढ्यात तिच्या बोटांवर माझी नजर गेली. हातातला कंट्रोलर आवळून बोटं पांढरी पडली होती.

"हलू नकोस..." ती पुटपुटली.

पडद्यावर तिचा योद्धा एकेक पाऊल मागे सरकत होता. समोर नुसती फरशी.

"आत्या... कुठे आहे?"

"अगं, तूच बनवलास ना... कोपऱ्यात... बसलाय."

मी डोळे फाडून पाहिलं. कोपऱ्यात कोणी नव्हतं. स्पंजच्या भिंतींमध्ये फक्त तिचा श्वास ऐकू येत होता. मग योद्ध्याला काहीतरी लागलं, तो कोलमडला आणि त्याच्या प्राणाची लाल पट्टी सर्रकन संपली. आत्याने कंट्रोलर टेबलावर ठेवला.

"परत खेळतेस?"

"नाही."

आत्या आयुष्यात कधी खेळायला नाही म्हणाली नव्हती. जिना चढताना ती कठडा धरून म्हणाली, "याला आता हात लावू नकोस. हाच ठेव."

मी वर आले आणि आमच्या प्रोग्रामरला, ज्याला सगळे पंतोजी म्हणतात, ती खोली उघडून दाखवायला लावली. त्याने उलटसुलट तपासली. "भिंती आहेत, फरशी आहे. मारणारं काही नाही." "मग मारलं कोणी?" पंतोजीने चष्मा पुसला आणि खोली पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतली. तेवढ्यात साहेब तळघरात तीच प्रत खेळून आले. शर्ट घामाने भिजलेला. "मानलं तुला," एवढंच म्हणाले, आणि ड्रॅगन रद्द झाला.

खरं सांगते, मला भीती वाटली नाही. माझी छाती अभिमानाने भरून आली. काढता काढता काढण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा कुठे तो पूर्ण झाला! गेम बाजारात आला. लोक त्याची चित्रं काढून पाठवायला लागले. एकमेकांना न ओळखणारी माणसं, पण चित्र एकच: कोपऱ्यात बसलेला, हात गुडघ्यांवर. सगळी चित्रं मी फ्रेम करून लावलीत. मला मात्र तो कधी दिसला नाही. आईला आपलंच लेकरू दिसू नये, असं झालं ते. त्याचं मला फार वाईट वाटायचं.

मग परवा तक्रारी सुरू झाल्या. शेवटच्या खोलीत कोणीच नाही, योद्धा नुसताच आत जाऊन बाहेर येतो, पैसे परत द्या. माझं नाक कापल्यासारखं झालं. मी माझ्या केबिनमध्ये ती खोली पुन्हा पुन्हा उघडून बघत होते. मला काय, तशीच रिकामी.

आत्या दाराशी आली आणि उंबऱ्यावरच थबकली.

"अगं... तू जरा बाहेर ये. सावकाश."

"का? सापडली का चूक?"

ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्याच्या जरा वर बघत होती. मी वळून पाहिलं. भिंत, माझी चित्रं, आणि काही नाही.

तेव्हापासून मला भेटायला येणारा प्रत्येकजण बोलताना नजर जरा बाजूला ठेवतो. तुम्हीही मघापासून तेच करताय. चालू द्या, मी काही विचारत नाही. आपलं काम लोकांनी असं टक लावून बघावं, याहून कारागिराला आणखी काय हवं?