रविवारचा कार्बन

तेजस्वी दुकानात शिरली ती स्टीलचा डबा आपटतच. डब्यात गोल्डफिश — मेलेला.

"हा तिसरा! मासे विकता की मढी?"

काच पुसणाऱ्या शुभंकरने डब्यात बघितलं, मग तिच्याकडे बघितलं... आणि बघतच राहिला. तिच्या नाकाचा शेंडा असा लाल झाला होता, की त्यावर पापड भाजून निघाला असता.

"पाणी कुठलं घालता?"

"आमच्या विहिरीचं. मिरजोळ्यातलं."

"मग पाण्यातच काहीतरी—"

झालं! रत्नागिरीच्या माणसाला एकवेळ तुझा हापूस आंबट म्हणा, पण त्याच्या विहिरीला नावं ठेवू नका.

"आमच्या पाण्यात? अहो, त्या पाण्यात डाळ चुलीवर चढवायच्या आधी शिजते! आमच्या आजोबांनी टक्कल धुतलं त्या पाण्याने..."

"केस आले?"

"भांग पाडायचे! पण नसेल पचत तुमच्या नाजूक माशांना, तर द्या ते फळीवरचं सगळ्यात मोठं आरओ मशीन."

"आरओ नको. ते पाण्यातलं सगळंच काढून घेतं, माशाला लागणारे क्षारसुद्धा. आधी पाणी तपासू. उद्या येतो."

आला. भर पावसात, स्कूटरवरून. विहिरीचं पाणी नळीत घेऊन त्याने दोन थेंब टाकले. पाणी पिवळंधमक!

"क्लोरीन."

"आमच्या विहिरीत? नळ वाटला काय तो तुम्हाला?"

पडवीत सुपारी कातरणारे बाबा खाकरले. "अगो, पावसाळा नाही काय... पावडर टाकतो मी. पंचायतीवाले चमचाभर सांगतात, मी आपली वाटीभर. घरच्या विहिरीत हात आखडता कशाला?"

आता वडिलांवर ओरडणार कसं? सगळा राग वळला शुभंकरवर. "हसताय काय ओ?"

त्याने हसू गिळलं आणि माशांच्या टाकीच्या पाइपाला एवढासा कार्बनचा फिल्टर बसवला. "हा क्लोरीन ओढून घेतो. मोठं मशीन नकोच. फक्त आतला कार्बनचा ठोकळा दर रविवारी बदलायला लागतो."

"कोण बदलणार?"

"मी... येईन की."

येऊ लागला. काम दोन मिनिटांचं, पाणी पिणं तासभर. ती गुळाचा खडा आणि तांब्या पुढे करायची, तो घोट घोट प्यायचा — डोळे मात्र तांब्याच्या काठावरून तिच्याकडे. मासे तर असे गलेलठ्ठ झाले, की मांजर त्यांना घाबरून वाट बदलू लागलं.

दिवाळी झाली, आणि तेजस्वी पुन्हा दुकानात. या वेळी आपटला कार्बन.

"यावर काय आहे?"

"लाल... ठिपका."

"माझं नेलपॉलिश! मीच लावलंय! दर रविवारी नवा म्हणून बसवता तो हाच, धुऊन परत! पैसे घेत नाही तेव्हाच संशय आला मला. वर दसऱ्यापासून बाबांची पावडर बंद. कार्बन लागतोच कशाला? फसवता आम्हाला?"

शुभंकरने ठिपका उजेडात धरला. "रंग उडालाय की. लावलात कधी?"

"नारळी पौर्णिमेला!" ती तावातावाने बोलून गेली... आणि जीभ चावली.

"म्हणजे तेव्हापासून ठाऊक होतं? तरी गूळ देत राहिलात?"

तेजस्वी टाकीतले बुडबुडे मोजू लागली. नाकाचा शेंडा पुन्हा लाल — पण हा लाल निराळा.

"मी पाणी प्यायलाच येतो, तेजस्वी," तो हळूच म्हणाला. "कार्बन आपलं निमित्त. मला तुम्ही... आवडता."

"हे सांगायला दिवाळी उलटावी लागली? लाज नाही वाटत? येत्या रविवारी कार्बन घेऊन यायचं नाही!"

त्याचा चेहरा पडला. ती दारापर्यंत गेली, थांबली, वळलीच नाही.

"आईवडिलांना घेऊन या. गूळ काढून ठेवते. आणि त्यांनी आमच्या विहिरीला नावं ठेवली ना — तर गाठ माझ्याशी आहे!"