शिरूरच्या ओळी

सन २००४ च्या श्रावणात, दौंडच्या आमच्या ऑफिसच्या दारात एक मुलगा भिजून उभा होता. शर्टाच्या आत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली सीडी होती.

"सायमा मॅडम इथंच बसतात का? लई कडक हायत म्हणं."

"हायत," मी म्हणाले. "पुसून आत या."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, अन् कानापर्यंत लाल झाला.

तो फिरोज, संस्थेचं शिरूरचं काम बघायचा; सीडीत त्याच्या सर्व्हरच्या नोंदी होत्या. आमची संस्था रक्तदात्यांची वेबसाइट चालवायची. दौंडच्या दात्यांची यादी माझ्या सर्व्हरवर, शिरूरची त्याच्या. कुणी नाव शोधलं की माझा सर्व्हर त्याच्या सर्व्हरला विचारायचा. प्रत्येक विचारणेची ओळ सर्व्हर आपोआप लिहून ठेवतो, तिला लॉग म्हणतात. माझा लॉग सगळीकडं चालणाऱ्या ठरलेल्या पद्धतीचा होता. फिरोजनं मात्र स्वतःच काहीतरी बनवलं होतं; त्यात यादी सापडली नाही तर ओळच पडायची नाही.

मी त्याला समजावलं, की कुणी मागितलं, कधी, काय, आणि मिळालं का... एवढं याच क्रमानं हवं.

"न मिळालेलं पण लिहायचं?"

"ते तर आधी लिहायचं."

पुढं महिनाभर त्याचे फोन आले. तारीख कशी लिहू, सेकंद हवेत का. उत्तर त्याला ठाऊक असायचं, हे मला कळत होतं. तरी मी सावकाश सांगायचे. दिवाळीच्या आधी त्याचा लॉग माझ्यासारखाच झाला, आणि फोन करायला कारण उरलं नाही. तरी फोन येत राहिले.

डिसेंबरात पाटसच्या साखरबाईंना बाळंतपणात फार रक्त गेलं. दुर्मिळ गट. त्यांचे यजमान पोपटराव दौंडच्या दवाखान्यातून धावत सायबर कॅफेत गेले. आमचं पान रिकामं आलं. रक्त पुण्याहून आणावं लागलं, चार तास गेले. बाई वाचल्या, पण दोन दिवस शुद्धीवर नव्हत्या. आणि त्या गटाचा एक दाता शिरूरच्या यादीत होता.

संस्थेचे प्रमुख ज्योतिबा आप्पा मला म्हणाले, पान दौंडवरून रिकामं गेलं, म्हणजे जबाबदारी तुमचीच. माझ्या लॉगमध्ये एवढंच होतं, की अकरा वीसला विचारणा आली, शिरूरला पुढं गेली आणि काही मिळालं नाही; का, ते कळत नव्हतं.

मी फिरोजला फोन केला. तो म्हणाला, "उद्या येतो."

आला तो कागद घेऊन. आप्पांच्या टेबलावर त्यानं तो माझ्या कागदाशेजारी ठेवला. अकरा पाचपासून दीडपर्यंत प्रत्येक ओळीत तोच आकडा होता, ४०४. यादी सापडली नाही.

"यादीच्या फाइलचं नाव मी बदललं होतं, आप्पा. परत तपासलं न्हाई. सायमांची काही चूक न्हाई."

आप्पांनी त्याच दिवशी त्याला कामावरून काढलं.

जिन्यात मी त्याला गाठलं. "त्या ओळी तुम्ही पुसू शकला असता."

"व्हय," तो म्हणाला. "रात्रभर तेच बघत बसलो. पण मग दोष तुमच्यावर आला असता."

दुपारी आम्ही दवाखान्यात गेलो. पोपटरावांपुढं हात जोडून त्यानं सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "दुसऱ्या कुणावर ही पाळी येऊ देऊ नका." साखरबाईंनी डोळे मिटूनच बाळावर हात ठेवला. परतताना फिरोज रडला, आणि मी त्याचा हात धरला. भर रस्त्यात, दौंडसारख्या गावात.

शिरूरचा सर्व्हर माझ्याकडं आला. फाइलचं नाव बदललं की दुसऱ्यानं तपासायचं, असा नियम मी आप्पांकडून करून घेतला. फिरोजला कुरकुंभच्या एका कंपनीत शिफ्टचं काम लागलं, गोदामाच्या नोंदी कॉम्प्युटरवर टाकायचं. रविवारी तो दौंडला यायचा. आम्ही स्टेशनाबाहेरच्या टपरीवर चहा घ्यायचो, बोलणं थोडंच.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी त्यानं कप खाली ठेवला.

"अम्मीला तुमच्या घरी पाठवायचं म्हणतोय. पण तुमचे अब्बा विचारतील, आधीची नोकरी कशानं गेली. काय सांगू?"

"सांगायची गरज न्हाई."

त्याचा चेहरा उतरला.

"मीच सांगितलंय त्यांना," मी म्हणाले. "सगळं, जसं घडलं तसं. अब्बा म्हणाले, पोराला घेऊन ये."