शेवटचा शेरा

पहिल्याच भेटीत त्याने मला फाइलला टाचलं.

युनियनचं आंदोलन सुरू झालं होतं. रेल्वेच्या आमच्या कार्यालयात युनियनचा हा सेक्रेटरी टेबलाटेबलावर काळ्या फिती लावत फिरत होता. गेटवर त्याने घोषणा दिली की खिडक्यांची तावदानं हलायची. माझ्यासमोर मात्र त्याचा हातच हलत होता. टाचणी फितीतून, माझ्या बाहीतून आणि टेबलावरच्या फाइलमधून आरपार गेली. मी उठले, तशी फाइलही उठली.

"सॉरी मॅडम... लागलं नाही ना?"

"मला नाही. फाइल कुणाची आहे बघा."

त्याने पाहिलं. त्याच्याच बदलीची होती — सहाशे किलोमीटर लांब.

आंदोलन होतं 'नियमानुसार काम'. म्हणजे नियमपुस्तकात लिहिलंय तसंच, तंतोतंत काम करायचं. मग आपोआप काहीच होत नाही. बदल्यांचं टेबल माझं. ती फाइल साहेबांच्या सहीला गेली की हा गेला. म्हणून मी रोज एक शेरा मारून ती परत पाठवू लागले. समास अर्धा इंच कमी. पान चारनंतर पाच का, कारण नमूद नाही. कर्मचाऱ्याची सही अलीकडे आनंदी दिसते, खात्री करावी.

प्रत्येक खुलासा घेऊन तो स्वतः यायचा.

"सही आधीपासूनच अशी आहे, मॅडम."

"नव्हती. मी जुनी पानं चाळलीत."

"का...?"

"नियमानुसार."

हेडक्लार्क काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "आमच्या वेळी आंदोलनात लाठ्या पडायच्या. हल्ली माणसं प्रेमात पडतात."

सतराव्या दिवशी, चार वाजता, तो सुतकी चेहऱ्याने आला.

"जिंकलो. सगळ्या मागण्या मान्य. पाचला आंदोलन मागे."

"अभिनंदन..."

"मग फाइल...?"

माझे शेरे संपले होते. मी नियमपुस्तक उलटसुलट केलं. पाचला सात मिनिटं असताना सापडलं — नवरा-बायको एकाच कार्यालयात असतील, तर शक्यतो बदली करू नये.

मी लिहिलं: 'कर्मचाऱ्याची पत्नी याच कार्यालयात आहे काय? पाचच्या आत खुलासा करावा. तोवर फाइल प्रलंबित.'

त्याने दोनदा वाचलं. त्याचं पेन चालेना. मी माझं दिलं. खाली माणसं "सेक्रेटरी! सेक्रेटरी!" ओरडत होती.

'आजमितीस नाही,' त्याने लिहिलं. 'तथापि समोर बसलेल्या कर्मचारी महिलेची हरकत नसल्यास...' पुढे नुसता शाईचा डाग.

"अपूर्ण खुलासा चालत नाही," मी म्हणाले.

"लग्न... करशील माझ्याशी?"

'हरकत नाही,' मी लिहिलं. 'योग्य मार्गाने अर्ज करावा.'

"योग्य मार्ग म्हणजे?"

"माझे बाबा. रिटायर्ड गार्ड आहेत. हिरवा झेंडा तेच दाखवतात."

"दाखवतील ना गं?"

"चौतीस वर्षांत एक गाडी वेळेआधी सोडली नाही त्यांनी."

त्याने घाम पुसला आणि विजयाची घोषणा द्यायला खाली पळाला.

त्या दिवशी तावदानं हलली नाहीत.